नोंदीत नको

मे महिन्याच्या अठरा तारखेला, रात्री पावणेदोनला
उशाजवळचा फोन उजळला आणि म्हणाला,
"बोला, मी ऐकते आहे."

मी काही बोलले नव्हते.
जरीपटक्याच्या या दोन खोल्यांत
कूलरचा पंप तेवढा बोलत होता,
तोही पाणी संपत आल्यावर बोलतो तसा, घशातून.

म्हटलं, "काही नाही."
ती म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही."

सकाळी चष्मा लावून सेटिंगमध्ये शिरले.
आवाज ओळखणे : बंद.
मायक्रोफोनची परवानगी : नाकारा.
पुण्याहून भाचा म्हणाला, मावशी, मुळावरच घाव घाल,
तर तेही केलं.
"तुमची खात्री आहे?" फोनने विचारलं.
खात्री आहे, दाबलं मी,
शपथेवर सांगावं तसं.

दुपारी भाकर थापत होते, पिठाचे हात.
"बोला."

चार ठिकाणी बंद केली होती मी तिला.
पाचवी जागा कुठे असते
ते भाच्यालाही ठाऊक नव्हतं.

एकतीस वर्षं जिल्हा कोर्टात मी लघुलेखक होते.
ऐकणं हेच काम. मान खाली, पेन्सिल चालू.
साक्षीदार रडला की पेन्सिल थांबवायची,
रडणं लिहीत नसतात.
"हे नोंदीत नको," साहेब म्हणायचे,
मी आडवी रेघ मारायची.
रेघेखालचं मला अजून वाचता येतं.
कान बंद करायचं बटण
मलाच कुणी दाखवलं नाही,
हिला काय दाखवणार मी?

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बर्डीला गेले.
मोदी नंबर तीनच्या गल्लीत, चपलांच्या दुकानाला लागून
तौसीफचं टेबल. कपाळाला दिवा, हातात चिमटा.
त्याने सेटिंग उघडलीच नाही.
फोन आडवा धरून इअरफोनच्या भोकात पाहिलं,
म्हणाला, "काकू, कूलरसमोर झोपवता काय याले?"
मी म्हटलं, "मी पण तिथंच झोपते."

"ओल गेली ना आत.
याले वाटते इअरफोन लागला आहे,
अन् त्याची बटन कोणीतरी दाबून राहिलं.
म्हणून उठते बिचारं घडी घडी.
तुम्ही त्याले बंद केलं,
बोलावणं कुठं बंद झालं?"

बुरशीसारखं काहीतरी काडीने काढलं,
गरम हवेची फुंकर दिली,
चाळीस रुपये घेतले.
"दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवू?" विचारलं,
तर हसला, "तांदूळ खा काकू तुम्ही."

त्या रात्री फोन गप्प.
मी दोनला उठले, पाणी प्यायले,
त्याच्याकडे एकदा पाहिलं. गप्प.

झोप येईना म्हणून चाळत बसले
तर आत एक यादी सापडली, तारीखवार,
तिने ऐकलेलं सगळं.
आणि काय लिहिलं होतं, काय सांगू!
"वाळा भिजव" म्हणाले होते मी स्वतःशीच,
तिने लिहिलं, "बाळा, निजव."
गॅस बंद केला का, याचं, घास बंद केला का.
माझ्या खोकल्याचा तिने "हुकूम" केला होता,
ओळीने पाच वेळा.
"कोण आहे" हे मात्र बरोबर,
तिन्ही रात्रींचं.

खाली लाल अक्षरांत, सर्व पुसून टाका.

अंगठा नेला तिथवर.
मग उठले, कपाटातून जुनी वही काढली,
पेन्सिलीला टोक केलं,
आणि जुन्या आखूड रेघांत, टिंबांत
ओळीसमोर ओळ दुरुस्त करत गेले.
एकोणचाळीस ओळी. बावीस चुका.

पहिल्या उन्हाळ्यात साहेबांनी माझ्या
सत्तावीस काढल्या होत्या.

पंप पुन्हा घशातून बोलायला लागलाय.
टाकीत पाणी टाकायचं राहिलं.