तिसरी गोळी

हा-सेकांत्शीच्या चढाला तट्टू आपणहून थांबतं,
तिथून वर मी चालत जाते.
पाठीवर पिशवी, पिशवीत टांगायचा ताणकाटा,
वही, गोळ्यांची पाकिटं,
आणि पावशेर मीठ, कारण माखोत्सोनं मागच्या खेपेला सांगितलं होतं.

तिचा नवरा मोलेफी ईस्टरला खाणीतून परतला.
अठरा वर्षं परक्या देशात जमिनीखाली सोनं फोडून
आणलं काय, तर एक रेडिओ, दोन घोंगड्या
आणि खोकला.
गोल झोपडी. दार एकच, थंडीत तेही लावलेलं.
मधोमध विस्तव, भोवती चौघं झोपलेली.
अंधारातसुद्धा खोकल्याला मुलं मोजता येतात.

लिनेओ चार वर्षांची. ती खोकत नव्हती.
नुसती खेळायची थांबली होती.
थुंकी दे म्हटलं तर एवढंसं पोर काय देणार,
येईल ते गिळून टाकतं.
म्हणून पहाटे, उपाशीपोटी, नाकातून नळी.
हात मी धरले होते. ती मला चावली,
अंगठ्याखाली खूण अजून आहे.
आणि एवढं करून बाटलीत काहीच सापडलं नाही.
डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला:
बाप कुशीला झोपतो, वजन महिनोन् महिने हललेलं नाही,
फोटोत छातीतल्या गाठी दिसतायत,
आता जंतूच्या सहीसाठी थांबायचं का?
सुरू कर.

साडेअकरा किलो. रोज दोन गोळ्या.

तुमेलोचं मात्र माखोत्सोला पटेना.
सात वर्षांचा, दिवसभर मेंढ्यांमागे,
डोंगर उतरताना दगडाला पाय लावत नाही असा.
"याला काय धाड भरलीय? धडधाकट पोराला औषध?"
मी विचारलं, मेंढ्या औषधात बुडवता त्या
खरूज दिसल्यावर, की आधी?
"आधी. सगळ्याच."
मग?
ती बोलली नाही. पाणी आणायला गेली.
येताना चमचा घेऊन आली.

गोळी चमच्यात विरघळली, गोड वास सुटला.
तुमेलोनं विचारलं, हे फळ कुठल्या झाडाचं?
मला सांगता येईना.
असलं फळ या डोंगरात होत नाही,
आणखी कुठे होत असेल असंही वाटत नाही.

जूनमध्ये बर्फ पडला.
लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही,
हे मी सांगून ठेवलं होतं; त्यानं ते वेगळंच मनावर घेतलं.
सकाळी अंगणात, पांढऱ्यावर केशरी,
अर्धं नाव लिहून झालेलं. उरलेल्याला पुरलं नव्हतं.
"बाबा, बघ, सोनं!"
मोलेफी दगडावर उन्हाला बसला होता. हसला.
इतकं हसला आणि खोकला आला नाही.
माखोत्सोनं माझ्याकडे पाहिलं.
आम्ही दोघी काही बोललो नाही,
असल्या गोष्टी बोलून दाखवू नयेत.

ऑगस्टअखेर तुमेलोची पाकिटं संपली.
रिकामी पाकिटं त्यानं दोरीत ओवून कुत्र्याच्या गळ्यात बांधली.

वहीत त्याच पानावर खाली आणखी एक नाव आहे,
ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं, अकरा महिन्यांचं.
तिथे मी पोचले तेव्हा मान ताठलेली होती.
पुढचे रकाने कोरे. पान उलटताना
मी अजून अंगठा तिथेच ठेवते.

सप्टेंबर. पीच फुललेले, वारा बोचरा.
आढ्याला काटा टांगला, झोळीत लिनेओला बसवलं.
बारा किलो, वर थोडं.
मी तिसरी गोळी काढली
आणि माखोत्सोचा चेहरा उतरला.
"वाढवलीस? म्हणजे बिघडलंय?"
नाही गं. पोर वाढलंय.
जुनं माप तिला आखूड होतंय.
तिनं तळहातावर तिन्ही गोळ्या घेतल्या,
परत मोजल्या.

नोव्हेंबरपर्यंत चालवायचं आहे अजून.
मध्ये दोन नद्या, पाऊस आला की एक बंदच.
ते पुढचं पुढे.
आत्ता लिनेओ झोळीतून उतरायला तयार नाही.
झोका दे म्हणते.
दिला.
काटा अकरा, तेरा, अकरा, तेरा करत राहिला
आणि मला वहीत आकडाच लिहिता येईना.