चतकोर

छत्तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात तोलार होतो.
हळदीचं पोतं काट्यावर टेकायच्या आधी
आकडा माझ्या जिभेवर असायचा.
आता रुक्मव्वा चिमुकल्या काट्यावर भाकरी ठेवते,
एकशे दहा ग्रॅम,
आणि मी मालवाल्यासारखा
लांबून मान वर करून बघतो.

मिरजेच्या मगदूम डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
रोजच्या जेवणातला चौथा हिस्सा काढायचा. वर्षभर.
म्हणजे चतकोर, मी म्हटलं.
हसल्या. वहीत तसंच लिहिलं.

काय होतं त्यानं?
त्यांनी मेंदूचं चित्र काढलं,
आत खोलवर एक मुडपलेला भाग.
समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणे.
समुद्र मी दोनदा बघितलाय, त्यातला घोडा नाही.
मला ते हरिपूरचं पेव वाटलं.
वर लिंपलेलं अरुंद तोंड,
खाली काळोखात वर्षानुवर्षं हळद,
कीड न लागता.

तिथं नव्या पेशी उगवतात, म्हणाल्या.
ह्या वयात?
काहींना दिसल्यात. काहींना शोधून सापडल्या नाहीत.
उंदरांना कमी खायला घातलं तर जास्त उगवल्या,
पाण्यातली वाट त्यांना लवकर घावली.
आणि माणसांना?
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
"ते तुम्हीच सांगायचं आम्हाला, बिराजदार."

महिन्यातून एकदा पंधरा शब्दांची परीक्षा.
नांगर, शिट्टी, मावशी, मीठ, जिना...
पहिल्यांदा सात आठवले.
चौथ्या महिन्यात अकरा.
बाई खूश. मी गप्प.
कारण मी शब्दांची थप्पी लावली होती,
लॉरीत पोती लावतात तशी, आडवं-उभं, आडवं-उभं.
हे भुकेचं काम की हमालीचं,
कोण तोलणार?

रात्री साडेतीनला पोट उठवतं.
पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत.
आधी कंदील सोडतात.
विझला, तर वर बसून राहायचं.
मी अंथरुणात बसून राहतो.

खालून वर येतात ते पंधरा शब्द नव्हेत.
जत. बहात्तर साल.
खडी फोडायच्या कामावर मिळालेली सुकडी,
लाल मिलोची भाकरी, घशाला घासणारी,
आणि सातलिंग, माझा थोरला भाऊ,
तिसापर्यंत पाढे घडाघडा म्हणणारा,
फळ्यापुढं उभा.
सतरा सत्ते...
सतरा सत्ते...
मग खाली बसला. पडला नाही, नुसता बसला,
जसा बैल बसतो.
गुरुजींनी छडी ठेवली, खिशातला गूळ दिला.
त्यानं अर्धा माझ्यासाठी आणला.
पुढच्या वर्षी पाऊस झाला,
पाढे परत आले नाहीत.

बाईंना विचारलं, त्याच्या डोक्यात उगवल्या असतील का पेशी?
त्या बराच वेळ खिडकीकडं बघत राहिल्या.
"भरल्या ताटातून काढणं वेगळं.
ताटच रिकामं असणं वेगळं.
पोरांच्या वाढत्या डोक्याला तर फारच वेगळं."

यार्डात पोत्याचं वजन आधी वजा करतात,
त्याला आम्ही धडा करणं म्हणतो.
तुमच्या फॉर्मात माझा धडा कुठं केलाय, बाई?
त्यांनी कागद उलटा केला
आणि पाठीमागं कोऱ्या जागेत लिहायला लागल्या.
सातलिंग. स लिहिताना दोनदा खोडलं.

रुक्मव्वा तो चतकोर फेकत नाही,
बुट्टीत फडक्याखाली ठेवते.
सकाळी तो नसतो. मी विचारत नाही, ती सांगत नाही.
पण साडेतीनला तो असतो.
अंधारात वास येतो, करपलेल्या पिठाचा.

हात लावत नाही.
हळूच म्हणतो, सतरा सत्ते एकशे एकोणीस.
थांबतो.
पुढचं मलाही येत नाही.