साठ कमी

सोलापूरचं ऊन दारात येऊन बसायचं.
घरकुलातल्या चौघी जणी मांडीवर सुपं घेऊन
विड्या वळायच्या,
आणि मी पोथी वाचायची.
त्यांचे हात मोकळे नव्हते, माझे होते, एवढंच.

तेलुगू अक्षरं आईनंच शिकवलेली,
सुपाच्या पाठीवर खडूनं,
गोल, विडीच्या तोंडासारखी.
अर्थाशी माझं देणंघेणं नव्हतं.
अध्याय संपला की क्लास.
पेंटव्वाकाकू म्हणायची,
"हळू गं, देव पळतोय का कुठं?"

एका पानाच्या कोपऱ्यावर
तंबाखूच्या अंगठ्याचा जुना डाग होता.
किती वेळा ओलांडला असेन.

त्या दुपारी जीभच अडली.
ओळ साधीच होती:
तुला भूक लागण्याआधी
मी तुझ्या घरात जागा असतो.

कुणी "पुढं वाच" म्हणालं नाही.
ओल्या फडक्याबाहेर पानं वाळत राहिली.
आईनं दातानं दोरा तोडला,
वर न बघता म्हणाली,
"मी पण तिथंच अडले होते.
तू पोटात होतीस,
आणि डबा रिकामा."

संध्याकाळी कारखान्यात
साठ विड्या कमी भरल्या.
त्यांचा हिशेब
अजून कुणी मागितलेला नाही मला.