सुधारित आवृत्ती

दर जानेवारीत मी फाइलमधली पानं बदलते.
जुनी काढते, नवी घालते, कड्या खटकन मिटवते.
लेक चार्ल्सच्या बाहेर, कारखान्याच्या फाटकाशी
एक ट्रेलर आहे. बावीस खुर्च्या,
वादळात बुडून पुन्हा सुरू झालेलं कॉफीचं यंत्र,
आणि मी, वर्ना गिलोरी,
आठ तासांची उजळणी घेणारी.

आठ तास. कायद्याला तेवढे पुरतात.
माणसं गेल्या वर्षीचीच,
जागाही त्याच, चर्चमधल्या बाकांसारख्या.
आल्सीडला दर वेळी दाढी करायला पाठवते:
मुखवटा गालाला घट्ट बसला पाहिजे, बाबा,
त्याला आत यायला एक केस पुरतो.
तो म्हणतो, बायको मला ओळखणार नाही.
मी म्हणते, ओळख द्यायला घरी तर पोच.

मग चिन्हं. कवटी सगळ्यांना येते.
ज्योत येते. छाती तडकून
आत चांदणी फुटलेला माणूस
अजूनही कुणीतरी विचारतं, हा कोण?
उशिरा कळतं ते, मी सांगते.
पिंपावर हा दिसला
तर आज काही होणार नाही.
आज काही होत नाही, हीच त्याची खोड.

फळ्यावर आकडा लिहिते.
हवेच्या दहा लाख भागांत पाच भाग,
हे गेल्या वर्षीपर्यंत.
पाच खोडते. त्याखाली: अर्धा.

ओटिस आर्सेनो हात वर करतो.
सत्तावीस वर्षं टाक्या आतून धुतलेला माणूस.
मॅडम, रसायन बदललं का?
नाही.
आमची फुप्फुसं बदलली?
नाही.
मग गेल्या वर्षी मी जे आत घेतलं, साडेचार,
तुम्हीच सही केली होती ठीक म्हणून,
ते आता काय झालं?

फाइल जाड आहे. तिच्यात या प्रश्नाचं पान नाही.

माझे वडील नाकासमोर चालणारे,
आणि नाकावरच विसंबणारे.
त्यांच्या काळी आकडाच नव्हता.
वास आला की बाहेर यायचं, एवढंच प्रशिक्षण.
मग एका रविवारी आईचा गंबो बुडाला लागला,
घर धुरानं भरलं,
आणि ते शेजारीच बसून पेपर वाचत होते.

'बाद झालेली पानं नष्ट करावीत'
असं पत्र दर वर्षी येतं.
मी ती गॅरेजमधल्या बर्फाच्या खोक्यात ठेवते,
उन्हाळी सहलींना झिंगे नेायचो त्यात.
पंचवीस आहे, दहा आहे, पाच आहे.
आज रात्री पाचाचं दुसरं पान त्यावर पडेल.
कुणासाठी ठेवते, मला विचारू नका.

मला कळत नाही, ओटिस, मी म्हणते.
ट्रेलरमध्ये कुणी हललं नाही.
तोही नुसता मान हलवतो,
जणू एवढंच ऐकायला हात वर केला होता.

दुपारी मुखवट्यांची तपासणी.
आधी मुखवट्याशिवाय: दोन बरण्या,
एकीत पाणी, दुसरीत केळ्याच्या वासाचं तेल.
कुठली केळ्याची?
आल्सीड, गुळगुळीत गालांचा, लगेच दाखवतो.
ओटिस पहिली हुंगतो. दुसरी हुंगतो.
पुन्हा पहिली.
दोन्हीत पाणीच आहे की, म्हणतो.

मी तोंडावर काही दिसू देत नाही.
त्याच्या नावापुढे खूण करते, डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिते.
नियमात याचीही सोय आहे:
ज्याला वास येत नाही, त्याला चवीवर तपासा.
पांढरी टोपी डोक्यावरून खांद्यांपर्यंत,
बारीकसं भोक, त्यातून फवारा.
जीभ बाहेर काढ, ओटिस.
तोंडानं श्वास घे.

एकदा दाबते. काही नाही.
पाच वेळा. दहा.
बाहेर टँकरचा भोंगा, कुणीतरी खुर्ची सरकवतं.
अकराव्याला त्याचा चेहरा आक्रसतो,
लहान मुलाला काढा पाजल्यावर होतो तसा.

कडू, तो म्हणतो.
कडू आहे, मॅडम, कडू!
आणि टोपीच्या आत हसत राहतो.