आपण घरी नव्हता

सव्वीस वर्षं ही वाट माझ्या पायाखालची होती.
स्ट्रॉमनेसची एकच लांब गल्ली, फरसबंद,
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला चढत जाणारे बोळ.
ओर्कनीच्या वाऱ्यात झाडं टिकत नाहीत,
मी टिकले होते, खांद्यावर टपालाची थैली घेऊन,
आणि कुठल्या फरशीचा कोपरा वर आलाय
हे माझ्या बुटांना माहीत होतं.

आता उजवा बूट पुढे झिजलाय.
डावा अजून नव्यासारखा.
चवडा वेळेवर उचलला जात नाही.
मेंदूतून निघालेला निरोप
पाठीच्या कण्यात कुठेतरी भिजतो, पत्ता पुसला जातो.
माझ्या खात्यात हे चाललं नसतं.

जिवलगांच्या घरातून पाय निघत नाही, म्हणतात.
माझा आपल्याच स्वयंपाकघरातून निघत नाही.
ओट्याची कड धरून उभी,
किटली केव्हाच उकळून गप्प.

दमणं मला ठाऊक होतं.
डिसेंबरात सव्वातीनला अंधार, नाताळची पार्सलं,
घरी येऊन बूट न काढता झोपणं.
ते दमणं कमावलेलं असायचं.
हे सकाळी सातलाच येतं, काही न करता,
ओला लोकरी कोट कुणी झोपेत अंगावर चढवावा तसं.
"मीसुद्धा हल्ली फार दमते गं," थोरा म्हणते.
मी मान हलवते.
बोलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

जूनमध्ये एखाद्या दिवशी खरंखुरं ऊन पडतं,
सगळं गाव धक्क्यावर आइस्क्रीम खात बसतं.
मी पडदे ओढून, मानेवर गार फडकं.
उन्हात माझे पाय मेणाचे होतात.
एकदा भर दुपारी झोकांड्या खात होते तेव्हा
बोटीवरून उतरलेला एक पाहुणा बायकोला म्हणाला,
"इतक्या लवकर चढवलीय."

दर सहा महिन्यांनी कर्कवॉलच्या इस्पितळात
जमिनीवर दोन चिकटपट्ट्या. मधे पंचवीस फूट.
सिस्टर डेव्हिना घड्याळ दाबते. चला, मेरन.
मी चालते.
"नऊ पूर्णांक दोन सेकंद! मागच्यापेक्षा छान!"
या नऊ सेकंदांसाठी मी दोन दिवस पडून होते
हे रकान्यात बसत नाही.
परतीचे पंचवीस फूट कुणी मोजत नाही.
मग गाडीतळाच्या बुटक्या भिंतीवर मी बसून राहते,
वाऱ्यात, एरलेंड गाडी आणेपर्यंत,
आणि पुढचे तीन दिवस
जगात माझं काहीच नसतं.

मंगळवारी घंटा वाजली.
मी पलंगावर होते.
पाय खाली सोडले, काठी, दाराची चौकट,
बोळातली भिंत, तळहात टेकत टेकत,
खुंटीवरच्या कोटाला जरा धरून.
दारापाशी पोचले तेव्हा पायपुसण्यावर कार्ड:
आपण घरी नव्हता.

अक्षर टॅमो रेंडालचं. गुणी पोरगा.
ते काम मीच त्याला शिकवलं.
घंटा वाजव, दहा मोज, कार्ड टाक, पुढे हो.
दिवसाला चारशे दारं, थांबून कसं चालेल.

जॉक आयबिस्टर, वरच्या बोळातला.
त्याला मी अशी किती कार्डं टाकली असतील.
एकदा दहा मोजून वळताना
आतून काहीतरी घासत आल्याचा आवाज आला होता.
मांजर असेल म्हटलं.
त्याच्याकडे मांजर नव्हतं,
हे मला मंगळवारी आठवलं,
पायपुसण्याशेजारी जमिनीवर बसल्यावर.

उठायला वेळ होताच,
म्हणून तिथेच खिशातली पेन्सिल काढली,
कार्ड उलटं केलं आणि लिहिलं:
टॅमो, मी घरी असते.
साठ मोज.
मग पुन्हा एकदा साठ.

सही करताना हात थोडा हलला,
पण वाचता येईल.