सोनेगाव, चार तासांचा थांबा

इंदूरचं विमान उशिरा,
तिकीट कंपनीचं, म्हणून ही खुर्ची.
बसलं की माणूस आत आत जातो.
काचेपलीकडे मे महिना पांढरा पडलाय,
इकडे स्वेटर हवा असा गारवा.

पोहे आहेत. वाटी कुंकवाच्या करंड्याएवढी,
वर मोजून चार डाळिंबाचे दाणे.
विचारलं, तर्री?
हर्षला उईके (छातीवरच्या पाटीनुसार)
हिंदीतून मराठीत उतरली,
"नाही जी. वास येते म्हणतात लोक."
मग हळूच, "तुम्ही इथलेच काय?"

नाही, म्हणालो. का, कोण जाणे.

धावपट्टीपलीकडे भिंत आहे,
भिंतीमागे कुठेतरी खामल्याच्या गच्च्या.
त्यातल्या एकीवर आम्ही तिघं भाऊ
उताणे पडून
विमानांची पोटं मोजायचो.
घर विकलं तेव्हा
माझी सही कुरिअरनं गेली.

दोनदा कॉफी घेतली. फुकट होती.
एक माणूस झोपेत कुणाला तरी
"सर, सर" म्हणत होता.

निघताना तिनं विचारलं,
"पोहे कसे वाटले?"
"सपक होते," मी उठत म्हणालो, "पण चालते."

तिनं कप उचलला.
"हौ न भाऊ."