बुडाखालची ओल

जून लागला की तैग्रिस अंग चोरते
आणि वाळू उघडी पडते.
तिच्यात आम्ही खड्डे घेतो, कमरेइतके,
तळाला ओल लागेपर्यंत.
वर पारव्यांची विष्ठा, गेल्या वर्षीची, निवलेली.
ताजी घातली तर मुळं भाजतात,
हे शेखमूसनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं.
बाकीचं बरंच सांगायचं राहून गेलं.

एका वेलीला एकच फळ.
बाकीची मुठीएवढी असताना खुडायची.
त्यांचं मी लोणचं घालते,
दियारबकीरच्या बाजारात ते आधी संपतं.

मूल म्हणू नका त्याला.
मुलांना मी इतकं जपलं नव्हतं.

मुलांच्या खाली कधी तुतीच्या फळ्या रचल्या नाहीत
मध्ये बोटभर फट ठेवून, फटीत जाडी कोरडी वाळू.
गवत नको, गवतात उंदीर घर करतात.
मुलांची मान रोज थोडी थोडी वळवली नाही
देठाला ताण बसू नये म्हणून,
तीही भर दुपारी, वेल मलूल असताना.
सकाळी ती पाण्यानं ताठ असते,
हात लावला की काडकन मोडते.

वर चार काठ्यांवर पांढरी चादर.
सालीला टेकू द्यायची नाही,
टेकली की आत घाम धरतो.
पुतण्या बेरझान कोलोनहून हिरवी जाळी घेऊन आला,
महागाची.
ती मी कोंबड्यांना लावली.

ऑगस्टात एक दिवस दवाखान्यात गेले, दात काढायला.
परत आले तर चादर नदीच्या काठाला, झुडपात अडकलेली,
आणि त्याच्या पाठीवर तळहाताएवढा पांढरा चट्टा,
भाजलेल्या माणसासारखा.
तोंडात कापूस होता,
शिवीसुद्धा धड देता आली नाही.

त्याच आठवड्यात वरच्या धरणानं रात्री पाणी सोडलं.
नदी वर आली नाही, वाळू खालून भिजली.
तिसऱ्या दिवशी वास आला, आंबूस,
झाकण लावायचं विसरलेल्या ताकासारखा.
वाळूत पालथी पडून
शेखमूसचा दाढीचा आरसा फळ्यांच्या फटीत सरकवला.
बुडाला एक मऊ जागा. अंगठ्याएवढी.

त्याच्याच वस्तऱ्यानं कापली, पांढरं लागेपर्यंत.
गंधक भरलं, चुलीची राख भरली,
आणि नऊ रात्री पुठ्ठ्यानं वारा घालत बसले,
शेजारची हजाल म्हणाली, बेसना, तुला वेड लागलंय,
आणि दहाव्या रात्री स्वतःचा पुठ्ठा घेऊन आली.

जखम वाळली.
गोल, तपकिरी, मध्ये जराशी खोल.

शेखमूसच्या डाव्या गालावर तसा वण होता.
लहानपणी माशी चावली, फोड आला,
वर्षभर राहिला. इथल्या जुन्या माणसांत पुष्कळांना असतो.
फोटो काढताना तो उजवा गाल पुढे करायचा.
मी डाव्या बाजूला झोपायचे.

सप्टेंबरात ट्रॅक्टरवर गाद्या घालून नेलं.
एक्केचाळीस किलो.
पहिलं एकोणपन्नास भरलं, खालच्या गावच्या दोघा भावांचं,
त्यांच्यावर एकही डाग नव्हता,
मी हात फिरवून पाहिलं.

फोटोसाठी नगरपालिकेच्या पोरानं माझं फळ उचलून फिरवलं,
चट्टा मागे, वण मागे,
हिरवा गुळगुळीत भाग कॅमेऱ्याकडे.
मला म्हणाला, मावशी, इकडे या, पुढे उभ्या राहा.

मी काही बोलले नाही.
मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले.